स्कोअर कमी आला म्हणून मी निर्धास्त झाले होते

सहावा प्रश्न आणि दहावा प्रश्न. ह्या दोन ठिकाणी एका मुलीनं भरलेला ताणाच्या प्रश्नावलीचा तो कागद खोडरबरानं इतका घासला होता की खिडकीसमोर धरला तर मागचं माझं बोट दिसत होतं. बाकी कागद एकदम स्वच्छ, गोल नीट केलेले, वर रोल नंबर, तारीख, सगळं जागच्या जागी. बेरीज केली, चाळीसपैकी आकडा आला एक आकडी. मी तो कागद 'काळजी नाही' च्या गठ्ठ्यात टाकला आणि पुढचा घेतला. ह्याला आता दीड वर्ष होईल, पण तो कागद डोक्यातून जात नाही म्हणून आज लिहायला बसलेय.

मी बडोद्यात एका शाळेत काउन्सेलर आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, आणि मुलांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम बदललेत. आमच्याकडे नववी-दहावीत एक वेगळी बॅच आहे, ऑलिम्पियाडची तयारी करणारी, गणित-सायन्समधली वरची मुलं, पूर्ण शाळा त्यांना 'स्कॉलर बॅच' म्हणते आणि ती मुलंही स्वतःला तसंच म्हणायला लागलीयत. त्या वर्षी जुलैत प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून सांगितलं की ह्या मुलांना स्ट्रेस किती आहे ते एकदा मोजून घ्या. हेतू चांगलाच होता त्यांचा. २०२२ मध्ये एनसीईआरटीनं देशभरातल्या ३ लाख ७९ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना विचारलं होतं, त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि रिझल्ट हे काळजीचं कारण म्हणून सांगितलं होतं, तो आकडा मॅडमच्या मनात बसला होता. पण 'मोजून घ्या' हा शब्द मला तेव्हा खटकला नाही, खटकायला हवा होता. उंची मोजतात, ताप मोजतात, तसंच हेही मोजून टाकू असं मीही धरून चालले.

मी घेतली ती पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल, सगळे पीएसएस म्हणतात. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत काढलेली. तेव्हा १४ प्रश्न होते, १९८८ मध्ये १० प्रश्नांची छोटी आवृत्ती आली आणि आता बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. प्रत्येक प्रश्न 'गेल्या महिन्याभरात किती वेळा असं वाटलं' असा, आणि उत्तर ० म्हणजे कधीच नाही इथपासून ४ म्हणजे फार वेळा इथपर्यंत. त्यात परीक्षा, मार्क, आई-बाबा, ट्यूशन असा एकही शब्द नाही. ती एवढंच विचारते की गोष्टी अचानक अंगावर आल्यासारख्या वाटल्या का, हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या का, झेपेनाशा झाल्या का. ह्याच्या मागे रिचर्ड लॅझारस ह्या मानसशास्त्रज्ञांचा विचार आहे, तो त्यांनी आणि सुझन फोकमन ह्यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडला, की ताण नुसता बाहेरच्या घटनेत नसतो आणि नुसता माणसाच्या स्वभावातही नसतो, समोर काय आलंय आणि ते निभवायला माझ्याजवळ काय आहे हे माणूस मनातल्या मनात तोलत असतो, त्या तोलण्यात तो असतो. हे मला तेव्हाही पटलेलं होतं आणि आजही पटतं. दोन मुलांना गणितात ९२ पडतात, एक घरी जाताना शेवउसळ खायला थांबतो आणि दुसरा पेपर दप्तराच्या तळाशी घालतो, ९२ तेच असतात.

आता ह्या मुलांची गंमत बघा, म्हणजे ही मुलं घरी मराठी बोलतात, खाली उतरली की गुजराती, वर्गात इंग्लिश, आणि एकमेकांशी तिन्हीची मिसळ. म्हणून मी फॉर्म इंग्लिशमध्ये दिला आणि खाली मराठी आणि गुजरातीत एकेक ओळ लिहिली. आठव्या प्रश्नाला अडकले. मूळ इंग्लिशमध्ये 'ऑन टॉप ऑफ थिंग्ज' असल्यासारखं किती वेळा वाटलं असा तो प्रश्न आहे. मी त्याला 'सगळं आटोक्यात आहे असं वाटलं' असं केलं, गुजरातीत 'बधुं काबूमां छे'. तरी मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला, त्यानं फक्त इंग्लिश वाचलं होतं, आणि विचारलं, "मॅम, म्हणजे टॉपर आहोत असं वाटलं का, असं ना?" आणि वर्गात कोणी हसलं नाही. चार-पाच जणांनी तर मान वर करून माझ्याकडे बघितलं, कारण त्यांनीही तसंच धरलं होतं. ह्या एका प्रश्नाला त्या वर्गात रँकचं उत्तर मिळत होतं आणि मी ते मनःशांती म्हणून मोजणार होते.

आणखी एक. पीएसएसमध्ये चार प्रश्न उलटे असतात, म्हणजे बाकीच्यात जास्त आकडा वाईट, ह्या चारात जास्त आकडा चांगला. मुलं न वाचता एकाच रांगेत गोल करत सुटली तर ते पकडायला ह्यांचा उपयोग होतो. साधारण वर्गात कोणाच्या लक्षात येत नाही. ह्या बॅचमध्ये तीन मिनिटांत एका मुलीनं कागदावरून मान न उचलता म्हटलं, "चौथा, पाचवा, सातवा, आठवा रिव्हर्स आहेत." बरोबर सांगितले. म्हणजे ज्यांना मोजायचंय त्यांना मोजपट्टी कशी बनवलीय ते पट्टी हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं. आणि ज्याला पट्टी कळते त्याला स्वतःला हवं तेवढं मापात बसवता येतं. मुद्दाम कोणी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाहीये. पण ही मुलं सहा वर्षांची असल्यापासून पेपर लिहितायत, पेपर दिसला की बरोबर उत्तर शोधायचं ही त्यांच्या हाताला सवय आहे, आणि इथं बरोबर उत्तर काय ते उघड दिसत होतं.

सप्टेंबरमध्ये पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षक सभा, झाली. तो घासलेला कागद जिचा होता त्या मुलीची आई माझ्याकडे आली, मराठी कुटुंब, दांडिया बाजारकडचं, मला चांगलं ओळखणारं. मी त्यांना सांगितलं की तुमच्या लेकीचं एकदम छान आहे, स्कोअर खूप कमी आलाय, तिला ताण हाताळता येतो. आई हसल्या, म्हणाल्या, "अहो ती आधीपासूनच तशी आहे, हिला कधी अभ्यासाला बस म्हणावं लागत नाही, हिचं न करताच होतं." मीही हसले. ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं.

ताण मोजल्यावर मला ताणाशी मुलं कशी वागतात तेही बघायचं होतं, म्हणून ब्रीफ कोप नावाची प्रश्नावली घेतली, चार्ल्स कार्व्हर ह्यांची १९९७ ची, २८ वाक्यं, १४ प्रकार, प्रत्येक प्रकाराला दोन वाक्यं. योजना करणं, प्रत्यक्ष हालचाल करणं, कोणाशी बोलणं, देवाचं करणं, चेष्टेवारी नेणं, स्वतःला दोष देणं, नाकारणं, सोडून देणं, असं सगळं त्यात येतं. त्यात दारू-नशेची दोन वाक्यं आहेत. आमच्या मॅडम म्हणाल्या की गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि आपण पंधरा वर्षांच्या मुलांना छापील कागदावर हे विचारतोय, पालक माझ्या ऑफिसात येऊन उभे राहतील. ती दोन वाक्यं काढली. काढायला हरकतही नाही, सगळे प्रकार एकत्र वापरलेच पाहिजेत असं कार्व्हर ह्यांचंच म्हणणं नाही. पण मनात राहिलं की ज्या गोष्टी विचारायला आपल्याला अवघड वाटतं त्याच मोजायच्या राहतात.

दुसरी फेरी मी नवरात्रीनंतर घेतली आणि ती पूर्ण वाया गेली. बडोद्यात नवरात्र म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही, नऊ रात्री अख्खं शहर जागं असतं, दहावीतली मुलंसुद्धा मध्यरात्रीनंतर घरी येतात, आणि पीएसएस विचारते गेल्या महिन्याभराचं. सगळ्यांचे स्कोअर खाली आले. मुलं खुश होती, दमलेली होती, पाय दुखत होते. त्या आकड्यांवरून जर कोणी रिपोर्ट केला असता तर वाटलं असतं शाळेनं दोन महिन्यांत काहीतरी जादू केली. तशीही ही स्केल आज काय आहे तेच सांगते, चार ते आठ आठवड्यांनंतर तिच्यावरून पुढचं काही सांगणं पटकन कमकुवत होत जातं. एकदा जूनमध्ये भरून घेतली आणि मार्चपर्यंत फाइलला लावून ठेवली ह्याला काही अर्थ नाही.

मध्येच एक सांगते, कारण ह्याचा मला राग आहे. इथल्याच एका क्लासनं मुलांकडून मोबाइलवर असलीच दहा प्रश्नांची टेस्ट भरून घेतली आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रिझल्ट पाठवला, हिरवा, पिवळा, लाल. नेटवर तो तक्ता सगळीकडे फिरतो, ० ते १३ कमी, १४ ते २६ मध्यम, २७ ते ४० जास्त. पण पीएसएस ही निदानाची टेस्ट नाहीये, बनवणाऱ्यांनी अशी कुठलीही रेघ आखून दिलेली नाही, गटागटांची तुलना करायला ती आहे. एका मुलाला लाल आला, तर वडिलांनी त्याचं क्रिकेट बंद केलं, म्हणाले डोक्यावरचं ओझं कमी करतो. त्या मुलाला आठवड्यातनं तेवढे दोन तासच मोकळे मिळत होते. तो माझ्यासमोर बसून बोलला नाही, नुसता बॅटच्या ग्रिपचा निघालेला रबर बोटाला गुंडाळत राहिला.

तर ती मुलगी.

नोव्हेंबरमध्ये लायब्ररीत पुस्तकांना नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम निघालं होतं आणि फ्री पिरियडला तीन-चार मुलं मदतीला यायची. ही एकटी आली एक दिवस. माझं काउन्सेलिंगचं टेबल, त्यावर टिश्यूचा डबा, भिंतीवर टेलि-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चा कागद, हे सगळं असलेल्या खोलीत हुशार मुलं येत नाहीत, आली तर दुसऱ्या कोणाची तरी अडचण सांगायला येतात. लायब्ररीत हात कामात असतात आणि एकमेकांकडे बघावं लागत नाही. ती चिठ्ठी लावत होती, अंगठ्यानं दाबून कोपरे बसवत होती, आणि म्हणाली, "मॅम, तुम्हाला एक विचारू? साडेतीनला उठणं वाईट असतं का?"

"दुपारी?"

"नाही. पहाटे."

मग हळूहळू सगळं आलं. मोबाइल उशीखाली, व्हायब्रेटवर. आजी त्याच खोलीत झोपते म्हणून लाइट लावायचा नाही, तर बाथरूमच्या पॅसेजमधला दिवा लावायचा, तिथं पाट टाकून बसायचं, मांडीवर वही. दोन तास गणितं. साडेपाचला पाट जागेवर, दिवा बंद, परत अंथरुणात. सव्वासहाला आई उठवायला येते आणि ही उठत नाही, चार हाका माराव्या लागतात, आणि आई शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगते की बघा हिला उठवावं लागतं, अभ्यासाला म्हणून कधी उठली नाही. हे सातवीपासून चालू होतं.

मी विचारलं, अगं पण लपवायचं कशाला, अभ्यास करतेस, चोरी थोडीच करतेस.

ती म्हणाली, "सगळे म्हणतात मला न करता येतं. करून येतं असं कळलं तर मग मी हुशार कशी, मॅम?"

मी हातातली चिठ्ठी उलटी चिकटवली त्या पुस्तकाला. ती आजही तशीच आहे.

नंतर मी तिला तिचा कागद दाखवला आणि सहाव्या प्रश्नाचं विचारलं, त्यात असं आहे की करायची कामं निभावता आली नाहीत असं किती वेळा झालं. ती म्हणाली, "आधी ३ केला होता. मग परत वाचलं. निभावलं नाही असं तर एकदाही झालं नाही, सगळं पूर्ण केलंय मी. खोटं कशाला लिहू?" दहाव्याचंही तेच, अडचणींचा ढीग एवढा झाला की पार करता आला नाही असं वाटलं का, तर ढीग रोज व्हायचा आणि ती रोज पार करायची. म्हणून ०.

ह्याच्यावर मी खूप विचार केला, रात्री भांडी आवरताना, स्कूटरवर. तिनं खोटं लिहिलं नव्हतं. स्केलही चुकली नव्हती. स्केलनं विचारलं अचानक काही अंगावर आलं का, तर नाही, तिचं सगळं अलार्म लावून ठरलेलं होतं. हाताबाहेर गेलं का, नाही. झेपलं नाही का, झेपलं. स्केल बरोबर, मुलगी खरी, स्कोअर एक आकडी, आणि मुलगी रोज पाच तास झोपत होती. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलंय की १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी. आणि ब्रीफ कोपमध्ये तर ती पहिल्या नंबरात बसत होती, योजना करणं, प्रत्यक्ष हालचाल करणं, ह्या दोन्ही प्रकारात पूर्ण मार्क, आणि हे प्रकार आपण चांगल्या निभावण्यात मोजतो. ओझं किती आहे ते एका कागदानं विचारलं, ते कसं उचलतेस ते दुसऱ्या कागदानं विचारलं, पण उचलायला काय मोजावं लागतं आणि ते कोणाच्या नजरेआड चाललंय हे दोन्ही कागदांनी विचारलं नाही, आणि मीही नाही विचारलं.

अमेरिकेत फ्लोरिडाला शॅनन सुल्डो आणि एलिझाबेथ शॉनेसी-डेड्रिक ह्या दोघींनी आयबी आणि एपीच्या, म्हणजे तिकडच्या जड अभ्यासक्रमांच्या मुलांवर बरीच वर्षं काम केलंय. त्यांना असं दिसलं की आयबीची मुलं बाकीच्या मुलांपेक्षा जास्त ताण सांगतात, तरीही मानसिक स्वास्थ्यात मागे नसतात, म्हणजे नुसता ताण जास्त म्हणून मूल बिघडलं असं होत नाही. आणि मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी मोठ्यांच्या स्केल तशाच ह्या मुलांवर न लावता आधी मुलांशी बोलून, मुलं काय काय करतात ते गोळा करून, त्यावरून अभ्यासाच्या ताणाशी निभावण्याची वेगळी स्केल तयार केली. त्यात घरच्यांकडे जाणं आहे, मित्रांशी बोलणं आहे, वेळेचं नियोजन आहे, शाळा बुडवणं आहे, आणि एक प्रकार आहे एकट्यानंच सगळं निस्तरायचा प्रयत्न करणं. हा प्रकार त्यांनी वेगळा काढला ह्याबद्दल मला त्यांचे हात धरावेसे वाटतात. कारण बाहेरून बघणाऱ्याला ते मूल जबाबदार वाटतं, समजूतदार वाटतं, त्याची तक्रार नसते.

परफेक्शनिझम, म्हणजे सगळं परिपूर्णच हवं हा हट्ट, त्यावर हेविट आणि फ्लेट ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये तीन प्रकार वेगळे केले, स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि तिसरा म्हणजे लोकांना माझ्याकडून परिपूर्णतेशिवाय काही चालणार नाही असं मनात पक्कं बसलेलं असणं. ह्या मुलीला घरात कोणी कधी एवढे मार्क आण म्हटलं नव्हतं. उलट लाडाची. तिला फक्त एक वाक्य ऐकू यायचं, हिचं न करताच होतं, आणि ते कौतुक म्हणूनच म्हटलेलं होतं.

आमच्या बडोद्याच्या मराठी घरांत हे वाक्य कुठून येतं ते मला माहीत आहे, कारण माझ्याही घरातलं आहे. आपली माणसं इथं आली ती गायकवाडांच्या चाकरीला. शेती मागे कोकणात नाहीतर देशावर राहिली, दुकान टाकायची अक्कल नाही, मग जवळ काय, तर अक्षर आणि डोकं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये पूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळे माझी पणजी वाचायला शिकली, आणि ह्याचा आम्हाला अभिमान आहे आणि असावाच. पण त्यातूनच घरोघरी असं बसलं की हुशारी ही आपली इस्टेट, आणि इस्टेट वडिलोपार्जित असते, ती कमवायची नसते, ती असतेच. मूल तीन वर्षांचं झालं की बघतात, आजोबांचं डोकं आलंय का. आलंय असं ठरलं की मग त्या मुलाला अभ्यास करताना दिसायची सोय राहत नाही.

हुशार मुलांकडे सगळं असतं त्यांना कसला ताण, असंही लोक म्हणतात, शिक्षकसुद्धा म्हणतात. लीटा हॉलिंगवर्थ ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये अतिशय वरच्या बुद्ध्यांकाच्या मुलांचा अभ्यास केला, त्यांचं १८० च्या वरच्या मुलांवरचं काम त्यांच्या मृत्यूनंतर १९४२ मध्ये छापून आलं. त्यांचं म्हणणं होतं की १२५ ते १५५ मधली मुलं चारचौघांत चांगली रमतात, त्याच्या खूप वर गेलं की मूल एकटं पडायला लागतं, कारण डोकं एका वयाचं, मन दुसऱ्या वयाचं आणि शरीर तिसऱ्या. हे मी रोज बघते. अकरावीचं कॅल्क्युलस करणारा आठवीतला मुलगा डब्यात भेंडी आली म्हणून रडतो आणि मग रडलो म्हणून स्वतःवर चिडतो. त्याला कोणी तरी सांगायला हवं की तू तेराचाच आहेस.

पुढे काय झालं ते सांगते. तिला विचारून, तिच्यासमोर, मी आईला बोलावलं. पहिल्यांदा पीटीएममधली माझी चूक सांगितली, की स्कोअर बघून मी तुम्हाला छान आहे म्हटलं ते घाईचं होतं. आई गप्प झाल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, दोन वर्षं पॅसेजमध्ये बसायची आणि मला कळलं नाही? आजीही आल्या होत्या सोबत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातीला म्हणाल्या, "मला दाराखालून उजेड दिसायचा गं. मला वाटायचं पोट बिघडतंय तुझं, म्हणून मी ओवा द्यायचे ना तुला." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं, की त्या स्वतः सातवीच्या फायनलला पहिल्या खेपेला नापास झाल्या होत्या आणि सासरी कोणालाही, आजोबांनासुद्धा, शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुलगी आजीकडे बघत राहिली. मी त्यात काही बोलले नाही, बोलायची गरज नव्हती.

त्यानंतर मी फॉर्मच्या शेवटी माझ्या हातानं तीन ओळी जोडते. ती काही स्केल नाही, त्याची बेरीज करत नाही, कोणाशी तुलना करत नाही. काल रात्री किती वाजता झोपलास. आज किती वाजता उठलास. आणि हे घरात कोणाकोणाला माहीत आहे. तिसऱ्या ओळीसमोर जी मुलं काहीच लिहीत नाहीत त्यांना मी त्या आठवड्यात लायब्ररीच्या कामाला बोलावते. आता नवरात्रीनंतर महिनाभर कुठलाही फॉर्म भरून घेत नाही. आठव्या प्रश्नाला आधी फळ्यावर समजावते की इथं रँकचं विचारलेलं नाही. आणि कागद खिडकीसमोर धरून बघते, प्रत्येक. वेळ लागतो, चाळीस कागदांना अख्खी दुपार जाते, तरी बघते.

गेल्या ऑगस्टमध्ये तिनं दहावीत असताना परत तोच फॉर्म भरला. स्कोअर आधीच्या दुपटीहून जास्त आला. तिनं घरी स्वतःच दाखवला, आणि आईचा मला रात्री फोन, "वाढलाय हो, म्हणजे परत बिघडलंय का?" मी म्हटलं नाही, सहाव्याला तिनं ३ केलंय आणि तसंच ठेवलंय, कुठंही कागद घासलेला नाहीये.

आता तिची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय. पाचला उठते, अलार्म उघड वाजतो, स्वयंपाकघरात ओट्यापाशी टेबल ओढून बसते आणि आजी तिचा नि स्वतःचा चहा टाकतात.